संगणकाची मर्मस्थाने

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जी गोटमार होते तिची कीर्ती म्हणा, अपकीर्ती म्हणा, सातपुड्याच्या दोन्ही अंगांस पसरलेली आहे. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवलेले असते व त्यावर झेंडा फडकत असतो; एका काठावर सावरगावची मंडळी, दुसऱ्या काठावर पांढुर्ण्याची. कित्येक जखमी होतात, प्रसंगी प्राणही गेले आहेत, आणि ही प्रथा चालू राहावी की बंद व्हावी हा वाद तेथे जुनाच आहे. त्या वादात येथे शिरावयाचे नाही. लक्षात घ्यावयाची गोष्ट एवढीच, की या झुंजीत मारा कोठे व्हावयाचा हे दोन्ही काठांना आधीच ठाऊक असते. झेंडा उघड्यावर आहे आणि धोंडा कोणत्या बाजूने येणार हे डोळ्यांना दिसते आहे.

पांढुर्णा आणि सौंसर या दोन गावांवर आज दुसऱ्याही एका प्रकारचा मारा होऊ शकतो, व त्यातील झेंडा मात्र कोणालाच दिसत नाही. संत्र्याच्या बागांचा आणि कापसाचा हा मुलूख. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा प्रदेश मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. राज्याची सीमा मध्ये आली, तरी नागपूरची बाजारपेठ जवळच राहिली आणि कितीतरी घरांतील बोली मराठीच राहिली. पूर्वी मालाचे पैसे अडत्याच्या गादीवर रोख मोजून मिळत. आता पुष्कळांचे पैसे खात्यावर जमा होतात, आणि ते खाते कोठल्यातरी दूरच्या शहरातील संगणकात असते. शेतकऱ्याने तो संगणक कधी पाहिलेला नसतो. त्याला दिसतो तो एटीएम यंत्राचा लहानसा पडदा, किंवा अंगठा टेकावयाची काच. या साखळीची मर्मस्थाने कोणती, हे माणसाला कसकसे उमगत गेले त्याचा इतिहास साठ वर्षांचा आहे, आणि त्यातील बरीच पाने ठेच लागल्यानंतरच लिहिली गेली आहेत.

आरंभी हा प्रश्नच उद्भवत नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली आपल्याकडे घडविलेला एक मोठा संगणक चालू झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. यंत्राला काम सांगावयाचे तर कागदी फितीवर भोके पाडून ती फीत त्याला भरवावी लागे. अशा यंत्राची राखण करणे म्हणजे एका खोलीची राखण करणे. दाराला कुलूप लावले आणि किल्ली विश्वासू माणसाजवळ ठेवली, की काम भागत असे.

संकट आले ते तारेच्या वाटेने. यंत्र फार महाग, तेव्हा ते एकाच वेळी अनेकांनी वापरावे, प्रत्येकाने आपापल्या गावातून दूरध्वनीच्या तारेने त्याच्याशी बोलावे, अशी युक्ती अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात निघाली. मग खोलीच्या कुलपाला अर्थ उरला नाही. एकाच यंत्रात सैन्याची गुपिते आणि दुसऱ्या कोणाचा साधा हिशेब शेजारी शेजारी नांदू लागले. विलिस वेअर नावाच्या अभियंत्याने १९६७ साली या धोक्याविषयी जाहीरपणे भाषण केले, आणि पुढे त्याच्याच अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल १९७० साली सादर झाला. तो गोपनीय होता. १९७५ साली उघड करण्यात आला. त्या अहवालात एक आकृती आहे. संगणक, त्याची दप्तरे, तारा, जोडणीचे केंद्र आणि दूरवर बसलेला वापरणारा अशी साखळी काढून जेथे जेथे गळती होऊ शकते तेथे तेथे खूण केलेली आहे. तारेला कोणी फाटा लावील, दप्तराची नक्कल करील, यंत्रातून बाहेर पडणाऱ्या विद्युत्लहरी दुरून टिपील, हे सारे तीत आहेच. परंतु आज ती आकृती पाहताना नजर खिळते ती तिच्यातील माणसांवर. यंत्र चालविणारा, यंत्राची मूळ आज्ञावली लिहिणारा, आणि यंत्र दुरुस्त करावयास येणारा, या तिघांनाही समितीने गळतीच्या जागा म्हणूनच मोजले आहे. गावातल्या भाषेत सांगावयाचे तर वाड्याची किल्ली बाळगणारा कारभारी, भिंत बांधणारा गवंडी आणि कुलूप दुरुस्त करणारा कारागीर. तिघेही प्रामाणिक असतील; तथापि वाडा किती सुरक्षित आहे याचा विचार त्यांना वगळून करता येत नाही.

मराठी माणसाला हा विचार नवा वाटू नये. शिवकालीन किल्ल्यांची व्यवस्था सभासदाने आपल्या बखरीत सांगितली आहे. किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी, तिघेही सारख्या दर्जाचे आणि निरनिराळ्या जातींचे; कोणताही कारभार तिघांच्या विचारे व्हावयाचा. हेतू उघड आहे. एकजण फितूर झाला तरी किल्ला शत्रूच्या हाती जाऊ नये. आज बँकेत एकाने नोंद करावयाची आणि दुसऱ्याने ती मंजूर करावयाची असा दंडक आहे, तो याच जातीचा. याच काळातला दुसरा धडा कोंढाण्याचा. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांचे मावळे ज्या बाजूने वर चढले, ती बाजू कड्यानेच राखली आहे, तेथे कोण येणार, असे समजून मोकळी सोडलेली होती. दरवाजावर पहारा होता. ज्या जागेविषयी कोणाला शंकाच येत नाही, ती जागा हल्लेखोर प्रथम पाहतो.

संगणकाच्या जगात हा कडा पहिल्याने सर्वांना दिसला तो २ नोव्हेंबर १९८८ रोजी. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेली एक आज्ञावली त्या वेळच्या लहानशा इंटरनेटवर एका यंत्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी पसरत गेली. सुमारे ६,००० यंत्रांना तिने ग्रासले असा अंदाज त्या वेळी करण्यात आला. तिने वापरलेल्या वाटा अभ्यासण्याजोग्या आहेत. एक वाट अशी: काही यंत्रांवर, विचारणाऱ्याचे म्हणणे साठविण्यासाठी ५१२ अक्षरांची जागा राखून ठेवलेली होती, पण येणारा मजकूर तेवढाच आहे की नाही हे कोणी मोजत नव्हते. मॉरिसच्या आज्ञावलीने ५३६ अक्षरे पाठविली. पायलीत दोन पायल्या धान्य ओतले तर उरलेले जमिनीवर सांडते, एवढेच. संगणकात ते शेजारच्या पोत्यात जाऊन पडते, आणि त्या शेजारच्या पोत्यात यंत्राने यापुढे काय करावयाचे याचा हुकूम ठेवलेला असतो. जास्तीच्या अक्षरांनी तो हुकूमच बदलून टाकला. दुसरी वाट माणसाच्या आळसाची. खात्याचे नाव तेच गुप्त शब्द, किंवा तेच नाव उलटे लिहिलेले, किंवा ४३२ शब्दांच्या एका यादीतील एखादा शब्द, असे अंदाज ती आज्ञावली करीत गेली आणि पुष्कळ ठिकाणी कुलूप उघडत गेले. तिसरी वाट सर्वांत महत्त्वाची. काही यंत्रे आपल्या ओळखीच्या शेजारी यंत्राकडून आलेल्या माणसाला गुप्त शब्द विचारीतच नसत. शेजाऱ्याने पाठविले आहे, म्हणजे खरेच असणार!

हा शेजारधर्म पुढे फार महाग पडला. २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेत शिरलेल्या चोरांनी न्यूयॉर्कला पैसे वळविण्याचे ३५ आदेश धाडले. सर्व मिळून सुमारे ९५ कोटी डॉलर्सचे. बँका एकमेकींना आदेश पाठविण्यासाठी 'स्विफ्ट' हे जाळे वापरतात, आणि आदेश त्याच जाळ्यातून, बँकेच्याच नावाने आलेले होते. पाच आदेश पार पडले. ८ कोटी १० लाख डॉलर्स फिलिपिन्सला गेले, २ कोटी श्रीलंकेस. श्रीलंकेची रक्कम अडली ती चोराला इंग्रजीत 'फाउंडेशन' हा शब्द नीट लिहिता आला नाही म्हणून! शुद्धलेखनाचा एवढा मोठा लाभ आजवर कोणा मास्तरांनीही सांगितला नसेल. ढाक्यात आदेशांच्या प्रती छापणारे यंत्र चोरांनी मुके करून ठेवले होते, आणि वेळ निवडली होती गुरुवार रात्रीची. कारण शुक्रवारी तेथे सुटी असते.

यानंतर अडीच वर्षांनी अशीच वेळ पुण्यावर आली. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. मध्यमवर्गाने घामाचा पैसा जेथे विश्वासाने ठेवावा अशा जुन्या पेढ्यांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्याचा दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकांच्या सुटीचा दिवस. त्या दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंतच्या काही तासांत जगातील २८ देशांतील एटीएम यंत्रांमधून या बँकेच्या बनावट व्हिसा कार्डांवर सुमारे १२,००० वेळा पैसे काढण्यात आले. त्याच वेळी भारतातील निरनिराळ्या शहरांतून रुपे कार्डांवर आणखी सुमारे २,८०० वेळा. परदेशी गेलेली रक्कम ७८ कोटी रुपयांच्या घरात, देशातील अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेस, 'स्विफ्ट'च्या वाटेने १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगमधील एका खात्यात गेले. एकंदर सुमारे ९४ कोटी रुपये. अमेरिकेच्या तपासयंत्रणेने याच प्रकारच्या जागतिक लुटीची सूचना बँकांना आदल्याच दिवशी दिली होती, ही यातील आणखी एक विषण्ण करणारी गोष्ट.

एवढी रक्कम गेली, तरी ठेवीदारांच्या खात्यांतून एक पैही वजा झाली नव्हती. बँकेची मुख्य खातेवही, जिला कोअर बँकिंग म्हणतात, ती जशीच्या तशी होती. हे कोडे उलगडावयाचे तर एटीएम यंत्राचे काम कसे चालते ते पाहिले पाहिजे. पूर्वी शाखेतील रोखपालासमोर खातेवही असे, सहीचा नमुना असे आणि खातेदारही उभा असे. तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या डोळ्यांखाली. एटीएम यंत्राला यांतले काहीच दिसत नाही. पांढुर्ण्याच्या यंत्रात कोणी कार्ड घातले, की यंत्र विचारणा पाठविते. ती विचारणा मधल्या एका केंद्रात येते. त्याला स्विच म्हणतात. स्विच ती मुख्य खातेवहीकडे नेतो: हे कार्ड खरे काय, यात एवढी शिल्लक आहे काय? खातेवही 'होय' किंवा 'नाही' म्हणते, स्विच तो निरोप परत आणतो, आणि यंत्र नोटा मोजते. यंत्राला खातेवही कधी दिसत नाही; त्याला ठाऊक आहे ते निरोप्याचे तोंड.

हल्लेखोरांनी खातेवहीला हात लावला नाही, तिजोरी फोडली नाही. त्यांनी निरोप्या बदलला. खऱ्या स्विचच्या जागी त्यांनी आपला एक खोटा स्विच उभा केला, आणि बनावट कार्डांच्या विचारणा खातेवहीपर्यंत जाऊच दिल्या नाहीत. वाटेतच त्यांना 'होय' असे उत्तर मिळत गेले. जगभरच्या यंत्रांनी ते उत्तर प्रमाण मानले आणि नोटा मोजून दिल्या. खातेवहीला विचारलेच नव्हते, म्हणून तिच्यात काही नोंदही झाली नाही. वेअरच्या आकृतीत जोडणीच्या केंद्रावर जी खूण होती, ती अठ्ठेचाळीस वर्षांनी पुण्यात अशा रीतीने खरी ठरली.

यात दुसरे एक माणसांचे जाळे होते, आणि ते तितकेच महत्त्वाचे. २८ देशांत एकाच वेळी यंत्रांपुढे उभे राहून नोटा काढावयास हातीपायी माणसेच लागतात. परदेशांतील ही फौज फारशी हाती लागली नाही. परंतु भारतात पैसे काढणाऱ्यांचा पुणे पोलिसांनी माग काढला, आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून शिक्षा दिल्या. यांतील कोणी स्विचची आज्ञावली लिहिली नव्हती. लुटीचा सूत्रधार उत्तर कोरियाच्या बाजूचा असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात नमूद केले. थोड्याशा मोबदल्यासाठी बनावट कार्ड घेऊन रांगेत उभे राहिलेल्या तरुणांना आपण कोणाची चाकरी करीत आहोत याची कल्पनाही नसावी.

रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी संगणकसुरक्षेचे किमान नियम घालून दिले, आणि वर्षभरानंतर, ३१ डिसेंबर २०१९ रोजी, बँकेचा व्यवहार जितका गुंतागुंतीचा तितके नियम कडक अशी चार पायऱ्यांची व्यवस्था केली. हे योग्यच झाले. परंतु सहकारी बँकांची अडचण नियमांनी पुरती सुटत नाही. लहान बँकेला स्वतःचा स्विच परवडत नाही, ती तो दुसऱ्याकडून भाड्याने घेते. आज्ञावली तिसऱ्याची असते, ती दुरुस्त करावयास चौथा येतो. जून २०१७ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदरातील एका गोदीचे काम बंद पडले, ते असेच. युक्रेनमधील हिशेबाच्या एका आज्ञावलीच्या नेहमीच्या सुधारणेतून विषारी आज्ञावली पसरली, डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रांत शिरली, आणि त्या कंपनीने चालविलेली मुंबईजवळची गोदी ठप्प झाली. युक्रेनमधील हिशेबनिसाचा आणि उरणच्या मालमोटारींच्या रांगेचा असा काही संबंध असेल हे त्याआधी कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

पुन्हा पांढुर्णा-सौंसरकडे वळावयाचे तर तेथील साखळीचे शेवटचे टोक पाहिले पाहिजे. ते टोक म्हणजे अंगठा. आधारच्या ठशावर पैसे काढण्याची सोय झाल्यापासून खेड्यातील म्हाताऱ्या माणसाला तालुक्याच्या शाखेत जावे लागत नाही. गावातल्या केंद्रावर अंगठा टेकला, की यंत्र दूर विचारणा करते आणि पैसे हातात पडतात. ही सोय मोठी आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. तथापि अंगठ्यात एक दोष आहे. गुप्त शब्द बाहेर फुटला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. आणि तो गुप्तही नसतो. सावकाराच्या रोख्यावर आजोबांनी जो अंगठा उठविला, त्याच रीतीने नातवाचा अंगठा जमिनीच्या खरेदीखतावर उठलेला आहे, आणि ते खत सरकारी दप्तरात आहे. अशा दस्तऐवजांवरील ठसे उचलून त्यांची रबरी नक्कल करावयाची आणि खात्यातील पैसे काढावयाचे, असे गुन्हे देशाच्या काही राज्यांत उघडकीस आले. रोख्यावरचा अंगठा पुरावा म्हणून घेतला जात होता. तोच अंगठा किल्ली झाला, तेव्हा पुराव्याच्या जुन्या ढिगात लाखो किल्ल्या पडलेल्या आहेत हे कोणी ध्यानात घेतले नाही. कोंढाण्याचा कडा तो हाच. आधार प्राधिकरणाने २०२३ साली ठशाच्या रेषांबरोबर बोटाची प्रतिमाही पाहून टेकलेले बोट जिवंत माणसाचे आहे की नाही हे ताडण्याची योजना केली. त्याने नकलेचे काम अवघड झाले.

राहिला तोट्याचा प्रश्न. हल्ला कोठे झाला यावरच तोटा कोणी सोसावयाचा हे ठरते, म्हणून हे मर्मस्थानांचे शास्त्र केवळ अभियंत्यांचे नव्हे. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली असा दंडक घातला, की दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, मधल्याच कोठल्या दुव्यात असेल, आणि ग्राहकाने बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर काही बोजा पडू नये. मात्र ग्राहकाने स्वतःच गुप्त संकेत दुसऱ्यास सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचा तोटा त्याचाच. २००५ साली पुण्यातील एका सेवाकेंद्रातील काही तरुणांनी अमेरिकेतील ग्राहकांकडून त्यांचे गुप्त आकडे गोड बोलून काढून घेतले होते. केंद्रात कागद-पेन्सिल नेण्यास बंदी होती, म्हणून ते आकडे त्यांनी पाठ केले! तीच विद्या आज उलट्या दिशेने, दूरध्वनीवरून, सौंसरच्या घरात येते. बोलणारा बँकेचे नाव सांगतो, खाते बंद पडेल म्हणतो, आणि मोबाइलवर आलेला आकडा वाचून दाखवावयास सांगतो. फसवणूक झाल्यावर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविले, तर पुढच्या खात्यात गेलेली रक्कम कधी कधी गोठविता येते. दिवस उलटला, की ती दहा खात्यांत वाटली गेलेली असते.

आधारचा ठसा कुलूपबंद ठेवण्याचीही सोय आहे. कुलूप लावले, की खऱ्या अंगठ्यावरही पैसे निघत नाहीत. लागतील तेव्हा ते थोडा वेळ उघडावयाचे. पण हे कुलूप लावण्यासाठी मोबाइलवर येणारा संकेत वाचावा लागतो. ज्या आजीला वाचता येत नाही, तिला तो वाचून दाखविणारे कोणीतरी लागते. पुष्कळदा तो शेजारचा शाळकरी मुलगा असतो, आणि पुष्कळदा केंद्र चालविणारा.